दीड किलोमीटर

आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. मी तिथे बावीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची चार वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. मी नोकरीला लागले तेव्हा कोराडी रोडच्या आतला तो भाग म्हणजे तुरीची शेतं आणि मध्ये मध्ये घरं असा होता. मी निवृत्त होईपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. वीज केंद्रात ठेकेदाराकडे जाणारे, गवंडी, ऑटो चालवणारे, लोकांकडे पोळ्या करायला जाणाऱ्या बाया, अशांची ती वस्ती. त्यांची मुलं आमच्याकडे यायची. दर एप्रिलमध्ये आम्ही सातवीला निरोप द्यायचो. चिवडा, एकेक पेढा, सगळ्यांचा मिळून फोटो. मी दोन शब्द बोलायची आणि शेवटी म्हणायची, खूप शिका. कुठे जाऊन शिका, हे मी कधी फारसं विचारलं नाही. नाल्यापलीकडे आमच्याच संस्थेचं हायस्कूल होतं. मुलं तिथे जात असतील, असं मी धरून चालले होते.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका जानेवारीत वस्तीतल्या दहा-बारा बाया माझ्या खोलीत आल्या. त्यांच्यात पुढे होती ती सातवीतल्या एका मुलीची आई. ती सकाळी चार घरी पोळ्या करायची आणि तिथून थेट शाळेत आली होती. हाताला कणीक तशीच होती.

"मॅडम, आठवीचा वर्ग इथंच काढा ना. मग नववी, मग दहावी. जागा हाये मागं."

"हायस्कूल आहे की पलीकडे," मी म्हटलं.

"हाये, पण जाईन कशी पोरगी? मागच्या वर्षीच्या पोरी मोजा तुम्ही. घरी किती बसल्या, इचारा."

तिची मुलगी मला चांगली ठाऊक होती. वर्गातली सगळ्यात उंच, अक्षर टपोरं, सकाळचे सुविचार फळ्यावर तीच लिहायची. एकदा मी फळ्यावर भागाकार करताना चुकले. साऱ्या वर्गानं ते तसंच उतरवून घेतलं. ही जागेवरून उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं शून्य राहिलं." वर्गाला कळलंसुद्धा नाही.

मी बायांचा अर्ज संस्थेच्या सचिवांकडे नेला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. "सरकारकडे प्रस्ताव पाठवता येतो. पण सोबत मुख्याध्यापकांचा अहवाल लागतो. वस्तीत मुलं किती, जवळची माध्यमिक शाळा किती अंतरावर, रस्ता कसा. जे आहे ते लिहा, मॅडम. तुमच्या अहवालावरच सगळं ठरेल."

मुलीच्या आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग एक दिवस चालून पाहा ना आमच्यासंगं."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. मी, ती आणि तिची मुलगी. वस्तीच्या टोकाला नाला आहे. त्यावर पूल नाही. पाण्याची एक मोठी लोखंडी पाइपलाइन तेवढी आडवी गेली आहे, माणूस दोन्ही हात पसरून चालेल इतपत रुंद. मुलगी सरसर पलीकडे गेली. मी तिच्या आईचा हात धरून गेले, आणि मध्यावर पोचल्यावर खाली पाहिलं. पाणी कमी होतं, वास मात्र नाकात बसेल असा. पलीकडे लेआउट पाडून ठेवलेला, प्लॉटच्या खुणांचे दगड, एकही घर नाही. झुडपांशी रिकाम्या बाटल्या. ते ओलांडलं की हायस्कूलचं मागचं फाटक.

परतताना आम्ही रस्त्यानं आलो. त्या बाजूनं रिंग रोडवर चढावं लागतं. कोळशाचे आणि राखेचे ट्रक एकामागून एक जात होते. पायी चालायला जागा अशी नाहीच, डांबर संपतं तिथे खाली खड्डा. ट्रक गेला की पदर तोंडावर धरून थांबायचं, पुन्हा चालायचं. घरी पोचेपर्यंत माझी पांढरी साडी करडी झाली होती. फोननं मोजलेलं अंतर मी पाहून ठेवलं. पाइपवरून दीड किलोमीटर. रस्त्यानं चार.

"पाह्यलं ना मॅडम?" मुलीच्या आईनं विचारलं.

"पाहिलं," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी माझ्या मैत्रिणीकडे गेले. डी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो, नोकरीही एकाच संस्थेत लागली. पुढे बी.एड. करून ती अलीकडेच त्या पलीकडच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला गेली होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याचं मधुमेहानं पायाचं ऑपरेशन झालेलं. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "अहवाल लिहून राहिली म्हणे तू?"

"हो."

"तुझ्याकडे आठवी निघाली ना, तर आमची एक तुकडी गेलीच समज. पटच उरला नाही वं आमच्याकडे. मग अतिरिक्त कोण? तिथं सगळ्यात शेवटी आलेली मी. कुठं फेकतील मले, काय माहीत. या दोघांले टाकून कुठं जाऊ मी?"

तिनं कपात चहा ओतला.

"मी तुले खोटं लिहाले नाही सांगत. पाइपवरून दीडच आहे ना? मग तेवढंच लिही. पोरं तिथूनच तर येतात."

अहवालाच्या कागदावर अंतरासाठी एकच ओळ होती. मी दोन दिवस तो कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मग लिहिलं: दीड किलोमीटर. शेरा: पायवाट उपलब्ध. चांगल्या अक्षरात लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

लिहिताना मनाची समजूत घातली होती. लहानपणी मी आमच्या खेड्यातून याच्या दुप्पट चालून शाळेत जात असे, असं स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण आम्ही पंधरा-वीस मुलं मिळून जायचो. दोन्ही बाजूंना आपल्याच माणसांची शेतं असायची. वाटेत कुणीही काकू हाक मारून विचारायची, उशीर काहून झाला गं आज? त्या वाटेची आणि या पाइपची तुलना होऊच शकत नव्हती. लिहिताना मला हे कळत होतं. तरी लिहिलं.

उत्तर एप्रिलमध्ये आलं. माध्यमिक शाळा जवळच्या अंतरावर उपलब्ध असल्यानं नवीन वर्गांची आवश्यकता दिसून येत नाही. मुलीची आई विचारायला आली. "काहून नाही म्हणलं, मॅडम?"

"सरकारचे नियम असतात," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि गेली. एवढ्यावर तिचा विश्वास बसला, याचं मला त्या वेळी हायसं वाटलं.

जूनमध्ये मुलगी हायस्कूलला जाऊ लागली. सोबत वस्तीतल्या आणखी तीन मुली. ऑगस्टमध्ये नाला भरला की पाइपच्या वरून पाणी जायचं, तेव्हा त्या घरी राहायच्या. पाणी उतरलं की पुन्हा जायच्या. हे मला कळत होतं, कारण तिची धाकटी बहीण आमच्याकडे पहिलीत होती. दिवाळीनंतर एकदा त्या लहानीनं मला सांगितलं, "ताई आता घरीच राह्यते."

मी घरी गेले. मुलगी भांडी घासत होती. मला पाहून उभी राहिली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि आत गेली. झालं होतं असं की पाइपच्या मध्यावर दोन माणसं बसलेली होती. मुलींनी सरका म्हटलं, ते सरकले नाहीत. हसत राहिले. एकानं हिच्या खांद्यावरचं दप्तर ओढलं आणि खाली नाल्यात फेकलं. बाकीच्या मुली पळाल्या. ही दप्तरासाठी खाली उतरली आणि कमरेपर्यंत भिजून घरी आली. पुस्तकं उन्हात वाळत घातली होती, त्यांचा वास मात्र जात नव्हता. बापानं म्हटलं, पुरे झालं.

"रस्त्यानं पाठवा," मी म्हटलं.

"कोण नेईन? मी सहाले ड्युटीवर जातो, हिची माय पोळ्याले जाते," बाप म्हणाला. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

मुलीची आई म्हणाली, "तुम्ही त चालून पाह्यलं होतं ना, मॅडम."

मी तिथून थेट मैत्रिणीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती स्कूटी घेऊन वस्तीत आली. तेव्हापासून एप्रिलपर्यंत ती रोज सकाळी आपल्या घरून उलट्या दिशेनं इकडे यायची, मुलीला मागे बसवून रिंग रोडनं न्यायची आणि शाळा सुटली की आणून सोडायची. रस्त्यात पाढे म्हणवून घ्यायची. मुलगी आठवी पास झाली, गणितात वर्गात पहिली. त्या दिवशी मैत्रिणीचा मला फोन आला. स्वतःच्याच मुलीचा निकाल लागावा इतका आनंद तिला झाला होता.

त्यानंतरच्या जूनमध्ये मैत्रीण अतिरिक्त ठरली. आमच्या वस्तीतून मुलं गेली नाहीत आणि दुसरीकडचीही कमी झाली, त्यामुळे हायस्कूलची तुकडी तशीही गेली. तिला कन्हानच्या शाळेत पाठवलं. पहाटे उठून सासूचं सगळं आटपून ती बस धरू लागली. मुलगी नववीत पंधरा दिवस गेली असेल. मग नाही.

मैत्रीण एकदाच त्याविषयी बोलली. "आपण दोघींनी मिळून केलं हे. भोगून मात्र ती राहिली." त्यानंतर आमचं जाणं-येणं कमी झालं. भांडण झालं नाही. एकमेकींसमोर बसलं की ती मुलगी मध्ये यायची.

निवृत्तीच्या वर्षी मी नवा अहवाल लिहिला. रस्त्यानं चार किलोमीटर, पायवाट पावसाळ्यात बंद, मुलींसाठी असुरक्षित. कुणी मागितला नव्हता, तरी सचिवांकडे नेऊन दिला. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, तुमच्या सातवीत आता मुलं किती?"

मी आकडा सांगितला. तो सांगताना मला माझंच ऐकवेना. पुढे वर्ग नाही हे पाहून ज्यांना जमेल त्यांनी मुलं पाचवीतच काढून बस येते अशा इंग्रजी शाळेत घातली होती. ज्यांना जमत नव्हतं तेच उरले होते.

"एवढ्या मुलांवर हायस्कूल कोण देईल?" सचिव म्हणाले. "तेव्हा पट होता. तेव्हा द्यायचा होता हा अहवाल."

माझ्या निरोपाच्या दिवशी मुलीची आई नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आली. माझी ओटी भरली. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगितलं. कागदावर मी काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं, मैत्रिणीचं नाव न घेता सगळं सांगितलं. ती उभीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमची पोरगी असती त किती लिहिलं असतं?"

"चार," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पदर डोक्यावर घेतला आणि गेली. ती ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं असं मी अनेकदा मनाशी म्हटलं आहे. पण माझ्या बरं वाटण्यासाठी तिनं का ओरडावं?

आमच्या त्या शाळेत आता पाचवीपर्यंतच वर्ग आहेत. मागची मोकळी जागा तशीच आहे, लोक तिथे चारचाकी लावतात. पाइपच्या दोन्ही टोकांना काटेरी तार लावली आहे. म्हणजे आता तीही वाट नाही.

मुलगी अठरा वर्षांची झाली. शहरात सदर भागात कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. मध्यंतरी मी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे म्हणाले, घरी बोलावून शिकवायलाही लागले. ती आठ-दहा दिवस आली. पुस्तक उघडून बसायची, पण डोळे मिटायचे. दिवसभर उभी राहिलेली असायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, मले आता भूमिती काही आठवत नाही." मग आली नाही. मीही जाऊन आणलं नाही. तिला आणायचा हक्क मला उरला आहे का, हेच मला कळत नव्हतं.

परवा बसस्टॉपवर भेटली. डबा पिशवीत, केस घट्ट बांधलेले. रोज दोन बस बदलून सदरला जाते. हायस्कूल होतं त्याच्या कितीतरी पलीकडे आहे सदर.

"बहीण कितवीत गं?" मी विचारलं.

"पाचवीत. आता एप्रिलमध्ये सुटते," ती म्हणाली. मग विचारलं, "मॅडम, तिले सहावीले कुठं टाकू?"

मी दोन शाळांची नावं मनात आणली. दोन्हींचा रस्ता डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात तिची बस लागली. "सांगजा मले," म्हणून ती धावत जाऊन चढली. खिडकीजवळ जागा मिळाली तिला. तिनं हात हलवला.

अजून मी तिला काही सांगितलेलं नाही.