वाट न अडवता गेलेला देवसिंग

देवसिंग गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या आर्णीकडच्या पंपहाउसात मोटर अशी घुमत होती, की नदीतल्या माशांना घेरी यावी. तो असता तर म्हणाला असता, "तू मासे मोजू नको, अँपिअर मोज." फोन ठेवला, तसा आमचा ऑपरेटर गजानन बटणाकडे निघाला. "आजच्या दिवस पंप बंद ठेवू, भाऊ. आपला मानूस गेला." रीत म्हणून ते बरोबरच होतं. पण कालव्याच्या टोकाला हरभरा शेवटच्या पाण्यासाठी खोळंबला होता, आणि त्या वावरांची पाळी नेमकी आजच. मी म्हटलं, "हात काढ." "काहून? तुले दुःख नाही काय?"

दुःख कपाटभर होतं... आणि त्या कपाटासमोरच आम्ही अर्धं आयुष्य भांडलो. देवसिंग बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा, आमचा ड्राइव्हचा इंजिनिअर. ड्राइव्ह म्हणजे हजारो व्होल्ट गिळून मोटरला हवा तेवढाच वेग देणारं कपाट. आत सेमीकंडक्टरचे स्विच, तळहाताएवढ्या गोल चकत्या, एकावर एक रचून शिकंज्यात आवळलेल्या. एकदा पाव्हण्यांसमोर मी छाती फुगवून सांगितलं, हा स्विच सेकंदात शंभरदा उघडझाप करतो. मागून देवसिंग ओरडला, "अरे, कमी सांगितलं! जिंदगीत पहिल्यांदा यानं कमी सांगितलं!"

एका हिवाळ्यात अलार्म वाजला, एक स्विच मेला होता. मी दाराकडे असा धावलो की माझी एक चप्पल अजून तिथल्या हवेतच असेल. पण पंप थांबलाच नाही. मी दारातूनच विचारलं, "मेला ना तो? मंग पंप कसा चालून राह्यला?"

"मेला, पन वाट आडवून नाही मेला, भिया," पॅनलवरची नजर न काढता देवसिंग म्हणाला. "या जातीचा स्विच मरताना आरपार होते, तार जोडल्यासारखा. करंट त्याच्यातून जाते, अन् त्याचा भार बाकीचे वाटून घेतात. म्हनून तर एक जास्तीचा ठेवला." मग माझ्या एका चपलेकडे बघून हसला. "तू मरशील फ्यूजसारखा. साऱ्या आर्णीत अंधार करून!"

हेच मी गजाननला आठवून दिलं. त्यानं एकदा पॅनलकडे बघितलं आणि हात खाली घेतला. आमच्या दुसऱ्या ऑपरेटरनं, बाळूनं, ड्यूटीच्या सलग दोन पाळ्या ओढल्या, गजानन आणि मी तांड्यावर जाऊन खांदा देऊन आलो. वहिनींनी डोळे पुसत पहिला प्रश्न केला, "पंप?" "चालू आहे, वहिनी." "मंग बरं... त्यायनं पहिले हेच इचारलं असतं." आम्ही परतलो तेव्हा पाणी टोकाच्या वावरात शिरलं होतं, आणि पंपहाउसात देवसिंग सोडून सगळं जागच्या जागी होतं.

त्या हिवाळ्यात मेलेला स्विच देवसिंगनंच नंतर बदलला होता आणि चकती मला बक्षीस दिली होती. ती माझ्या टेबलावर आहे. पाव्हण्यांना मी सांगतो, चंद्रावरून पडली, माझ्याच अंगणात. एकटा असलो की मात्र मल्टिमीटरच्या तारा तिच्या दोन्ही अंगांना लावतो. नीट दाबल्याशिवाय ती बोलत नाही, मालकासारखीच... मग करंट आरपार जातो आणि बझर लांबलचक वाजतो. आतून बायको विचारते, "कोन आलं जी?"

"देवसिंग," मी सांगतो.