हलकी भरलेली तार

सराफाच्या घरात जन्मून पोरगी लोखंड-निकेलच्या नादी लागली, तेव्हाच बापाचं डोकं फिरलं. त्याने तिचं नाव ठेवलं गंजकी. आईने आधी दटावलं, मग तिच्याही तोंडी तेच बसलं.

गंजकी प्रयोगशाळेत कामाला. पाण्यात वीज सोडली की त्याचे दोन वायू सुटे होतात, एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्याला ऑक्सिजन. पण टोकाला साधा धातू असला की पाणी रुसलेल्या जावयासारखं हलत नाही, वीज मागतच राहतं. प्लॅटिनमला मात्र लगेच वश होतं, पण ते परवडणार कोणाला? म्हणून गंजकीने निकेलच्या पट्टीवर लोखंडाचा पातळ मुलामा चढवला होता. ती हायड्रोजनच्या टोकाला. समोरच्या टोकाला मात्र चाचणीपुरती सगळेच प्लॅटिनमची तार टांगत.

प्रयोगशाळेतली तार साहेबांनी कपाटात कोंडलेली. गंजकीच्या हाती देण्याइतका त्यांचा तिच्यावर जीव नव्हता. तेव्हा नाक मुठीत धरून ती बापाकडे गेली. बापाने तार दिली, पण आधी काट्यावर ठेवली आणि वजन मोठ्याने बोलून दाखवलं. पोटच्या पोरीलाही तोलून देणारा माणूस तो.

तार टांगली आणि हळूहळू पट्टीला बुडबुड्यांचा नुसता ऊत आला. दिवसागणिक ते वाढतच गेले. तिच्या टेबलाकडे पाठ करून चहा पिणारे साहेब पाहुण्यांना तिथे आणून ‘आमची पट्टी’ म्हणू लागले. मोठ्या सभेत ती दाखवायचं ठरलं. जमलं तर टेबल गंजकीचं, नाहीतर दुसऱ्याला. सभेसाठी साहेबांनी कपाटातली तारही काढली, म्हणून गंजकी बापाची तार परत करायला दुकानात गेली.

बापाने तार काट्यावर ठेवली. चष्मा पुसला, पुन्हा ठेवली.

“हलकी भरतेय. कुठे कापलीस?”

“कापली नाही, बाबा.”

“मग उडून गेली?”

समोर बसलेलं गिऱ्हाईक अंगठ्या बघायच्या सोडून तिच्याकडे बघू लागलं. पडद्याआडून आईही डोकावली. गंजकीला रडू यायला हवं होतं, पण ती काट्याकडेच बघत राहिली. चोर तिला दिसला होता. तार पाण्यात कणाकणाने विरघळत होती आणि समोरच्या पट्टीवर जाऊन बसत होती. पट्टीचा एवढा तोरा होता तो सगळा उसना.

तिने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सभा होऊ दे, मग बघू. गंजकीने तशीच लोखंड चढवलेली कोरी पट्टी घेतली, तारेच्या जागी प्लॅटिनमचा कणही नसलेली कोळशाची कांडी लावली आणि त्यांच्यादेखत वीज सोडली. एक बुडबुडा इकडे, एक तिकडे, तोही उपकार केल्यासारखा.

“कोणाला कळलं असतं?” साहेब दात आवळून म्हणाले.

“माझ्या बापाला कळलं.”

सभा रद्द झाली. तिचं टेबल दुसऱ्याला गेलं आणि तिला मोरीशेजारचा कोपरा मिळाला. जाता-येता लोक विचारत, आज कोणाची तार खाल्लीस?

जुनी पट्टी घेऊन ती दुकानात गेली. तुमचं प्लॅटिनम यात आहे म्हणाली. बापाने पट्टी काट्यावर टाकली.

“आधीचं वजन?”

ते तिने केलंच नव्हतं.

“मग मी कशावरून मानू?” त्याने पट्टी खणात टाकली, खण लावला. “म्हणजे तुझं लोखंड माझ्या जिवावर मिजास करत होतं.”

“हो,” गंजकी म्हणाली आणि उठली. बस म्हणूनही कोणी थांबवलं नाही.

त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही. मोरीशेजारी कोळशाची कांडी लावून नव्या नव्या पट्ट्या लावते. पण पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक पट्टी काट्यावर ठेवते आणि वजन मोठ्याने बोलते, थेट बापाच्या आवाजात. शेजारचे हसतात. ती चष्मा पुसते आणि पुन्हा तोलते.