कुरसात आवळलेलं हेड

माणिकपूरला रिक्षा स्टँडमागे गॅरेज चालवणारा हा सांडोरचा ख्रिस्ती मिस्त्री कुठलाही पार्ट घेण्याआधी त्याचा वास घेतो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या टर्बो गाडीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं, तेव्हा मी त्याला घेऊन पार्टच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराने दोन गॅस्केटं पुढे ठेवली. मिस्त्रीने दोन्ही हुंगली, उजेडात धरली आणि पत्र्याच्या थरांचं उचललं. "टर्बोचा जोर असतो साहेब. साधं टिकायचं नाही."

"हेड धरून ठेवणारे स्टड तरी जुनेच चालतील ना?" मी विचारलं.

त्याने नव्या स्टडशेजारी जुना उभा केला. जुना किंचित उंच निघाला. "ताणलाय बिचारा. आता धरून नाही ठेवणार," असं नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलून त्याने तो खिशात टाकला.

गॅरेजमध्ये नव्या स्टडांवर हेड बसवल्यावर त्याने हवेत बोट फिरवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तो प्रार्थना करतोय असं वाटून मी चपला काढल्या आणि हात जोडले.

त्याला हसू आवरेना. "अहो साहेब, नट कुरसात, म्हणजे क्रुसाच्या आकारात आवळायचे असतात. आधी मधले, मग समोरासमोरचे. नाहीतर हेड वाकडं बसतं. मी पाळी ठरवतोय."

मी चपला पुन्हा घातल्या.

संध्याकाळी गाडी एका चावीत सुरू झाली. मी गिअर टाकणार, तोच त्याने पुन्हा तसंच बोट फिरवलं, माझ्याकडे बघत.

"आता कुठला नट राहिला?"

"नटाचा नाही, हा खरा कुरूस," तो गंभीरपणे म्हणाला. "गाडी तुम्ही चालवणार ना!"