बग्गीमागची फळी

पाटीवर लिहिलंय, 'सामान ठेवण्याची फळी.' साफ खोटं. त्या फळीवर माझे आबा उभे राहायचे.

आबा म्हणजे आईचे वडील. मिसरूड फुटायच्या आधीपासून पाचोडजवळच्या एका मालकाच्या बग्गीमागं चाकरीला. घोडा धुवायचा, लीद काढायची, वाटेत फाटक उघडायचं. मालकाला पैठणला सोडून बग्गी रिकामी परतायची, तेव्हाही आबा फळीवरच. घोड्याला त्यांचा हात लागलेला चालायचा. गादी मात्र बाटायची.

तीच बग्गी आता संभाजीनगरातल्या एका संग्रहालयात आहे. पाटी बदला, असं निवेदन मी लिहूनच नेलं होतं. सोबत पुरावा म्हणून आबा. पुरावा हा शब्द माझाच, आता लाज वाटते.

आबांनी पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. ते गादीकडं बघत होते. मग त्यांनी चौकीदाराला हळूच विचारलं, जरा टेकू का.

"बसायला मनाई आहे, बाबा."

"मला, का समद्यांला?"

"सगळ्यांनाच. मालकाचा नातू आला तरी नाही."

आबा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फारसं पाहिलेलं नाही. मग बरं हाय, म्हणाले, जा, तुझं पाटीचं काय ते बघ.

कचेरीतल्या बाईंनी निवेदन वाचलं, घडी घातली, वर दाखवते म्हणाल्या. अशा निवेदनांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. बाहेर आले, तर बग्गीच्या गादीवर एक जोडपं रेलून बसलेलं. लग्नाआधीचं फोटोशूट. भाडं भरलं की मनाई उठते, असं चौकीदारानं माझ्याकडं न बघता सांगितलं.

फोटोग्राफर आबांना म्हणाला, मधे येताय, जरा मागं व्हा. आबा मागं झाले ते थेट फळीपाशी, आणि त्यांचा हात आपसूक फळीवरच्या धरायच्या दांडीवर गेला. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं.

"वा. असंच थांबा, बाबा."

मी आबांना दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. ते चिडले, पण फोटोग्राफरवर नाही, माझ्यावर.

एसटी शहराबाहेर पडली. मग खिडकीकडं बघत आबा म्हणाले, "त्यो चौकीदार मला एकट्याला नाय म्हनला असता तर चाललं असतं गं. सवय हाय. समद्यांला कशाला म्हनला?"