समोरच्या बाईची ब्राह्मी

काळाचौकीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक बाई वर्षभर भाड्याने राहिली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण मला ती बघवत नसे.

तिच्या गॅलरीत एका जुन्या टबात ब्राह्मी होती. माझी विकत आणलेली रोपं मे महिन्यात करपली, तेव्हाही तिची ब्राह्मी टबभर हिरवीगार पसरलेली. सकाळी चहाआधी ती दोन पानं तोडून चावायची आणि मांजराला गोंजारावं तसा वेलीवरून हात फिरवायची.

माझ्या आईला झोप लागत नसे. एकदा ती बाई ब्राह्मीची चटणी घेऊन आली, मग घरी काढलेलं तेल आणलं आणि आईच्या टाळूवर थापत बसली. "किती गार वाटलं गं!" म्हणत आई बसल्या बसल्या पेंगली. आईचं सगळं मी करते, पण मला ती असं कधी म्हणाली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

खोली सोडताना तिने मुळांसकट एक जुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "रोज तोडत जा गो. जपून ठेवलीस तर पसरायची नाय."

आता माझाही टब भरलाय, आणि आईला झोप लागते. पण कुणी विचारलं की आई सांगते, "समोरचीची कृपा!"

परवा शेजारीण ब्राह्मीची एक काडी मागायला आली. मी टबासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "अजून नीट धरली नाही हो."