भलत्यालाच चिकटणारी अँटिबॉडी

नागपूरची भार्गवी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत आतड्याच्या कर्करोगावर संशोधन करायची. गाठ वाढू न देणारं एक प्रथिन असतं. ते शोधायला वापरायची तिथली अँटिबॉडी फक्त त्यालाच चिकटते, अशी प्रयोगशाळाप्रमुख पद्माकर सरांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेवर त्यांचे शोधनिबंध उभे होते. एकदा भार्गवीने ते प्रथिन मुळातच नसलेल्या पेशी तपासल्या. तिथेही ते असल्याची खूण सांगणारी पट्टी लख्ख उमटली.

"सर, ही अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय."

"अगं, पेशींमध्येच खोट असेल."

बिचाऱ्या पेशी कशाला खोटं बोलतील, त्यांना कुठे सरांसारखी बढती हवी होती? भार्गवीने भर बैठकीत सर्वांना ती पट्टी दाखवली. सरांना त्या अँटिबॉडीवरचे निबंध मागे घ्यावे लागले. शिक्षा म्हणून त्यांनी तिला प्रयोगशाळेतली प्रत्येक अँटिबॉडी तपासायला लावली. ती इतकी खूश झाली की उरलेले निबंध आठवून सरांना धडकीच भरली.