प्रवाळांची पुरचुंडी

मी अमरावतीहून पुण्याला आले आणि हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर पडद्याकडे बघत बसण्याच्या कामाला लागले. राहायला शनिवार पेठेत जागा मिळाली, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खालच्या मजल्यावर घरमालक काका-काकू. भाड्याच्या करारात सगळं टाइप केलेलं होतं, फक्त शेवटची अट काकूंनी स्वतःच्या अक्षरात घातली होती: 'घरात कोणताही प्राणी पाळू नये.' त्याखाली दोन रेघा.

मी सहा महिन्यांत वीस-पंचवीस प्राणी पाळले.

झालं असं, की ऑफिसातला एक सहकारी दोन वर्षांसाठी परदेशी निघाला आणि त्याची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. टाकी, पंप, दिवा, मिठाची पाकिटं आणि भोकाभोकांचे दगड. मासे त्याने दुसऱ्याला दिले. जाताना मला म्हणाला, "तू प्रवाळ वाढव. तुकडा कापून दगडाला चिकटवायचा. तो तिथे धरला, की आपोआप पसरतो."

त्याने कापून दिलेले तुकडे मी स्टीलच्या डब्यात खाऱ्या पाण्यासकट घालून हडपसरहून स्वारगेटला बसने आणले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी डबा हिंदकळताना ऐकला.

"काय आहे हो भाजीला?"

"मश्रूम," मी म्हणाले. त्या जातीच्या प्रवाळांना खरोखरच मश्रूम म्हणतात, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागलं नाही.

घरी दगड पाण्याबाहेर काढला, एक जागा कागदाने टिपून कोरडी केली, तुकड्याचं बूड टिपलं, घट्ट सुपरग्लूचा थेंब लावला, दाबून धरलं आणि दगड हलकेच पाण्यात सोडला. बटणांसारखे दिसणारे छोटे प्रवाळ गुमान बसले. मश्रूम मात्र बुळबुळीत. दोन मिनिटांत ग्लूचा पांढरा पापुद्रा तेवढा दगडावर राहिला आणि साहेब तरंगत पंपाकडे निघाले. मी पुन्हा चिकटवलं. ते पुन्हा निघाले.

पुढच्या रविवारी काका नळ बघायला वर आले. निवृत्त माणूस, पांढरा लेंगा, हातात पाना. नळाकडे न बघता ते थेट टाकीसमोर उभे राहिले.

"हे काय?"

"झाडं आहेत," मी ठोकून दिलं. "पाण्यातली."

"अस्सं. खत कुठलं घालता?"

मी नळाकडे बोट दाखवलं.

"पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय मी. जेलीफिशच्या नात्यातली आहेत ही. यांना तोंड असतं, पोट असतं. तुमच्या झाडांना असतं का?"

मी विचारलं, "काकूंना सांगणार का?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती मराठी शिकवायची. तिला झाडंच सांगा."

तिथून आमचं कारस्थान सुरू झालं. काकू रविवारी दुपारी कीर्तनाला गेल्या, की काका पाना घेऊन वर यायचे. माझा नळ इतक्या वेळा दुरुस्त झाला, की शेवटी तो खरंच गळायला लागला. काकांचा हात फार स्थिर होता. नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून हव्या त्या खाचेत बसवायचे. मध्येच माझी भाषाही दुरुस्त करायचे.

"काका, काय करून राहिले?"

"करताय. 'करून राहिले' नाही. राहतोय मी खाली."

त्यावर मी पुढचा तासभर मुद्दाम 'करून राहिले' म्हणत राहिले.

मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, हातमोजे घाला, काही प्रवाळांचा चीक विषारी असतो. एका रविवारी त्यांनी मश्रूमसाठी मोजा काढला. "मश्रूमचा काही त्रास नाही. आणि मोज्यातून बोटाला काही कळत नाही." पुढच्याच क्षणी बोटाला सगळं कळलं. अंगठ्याशेजारचं बोट दगडाला पक्कं चिकटलं होतं. त्याच दगडावर आधीचे चार प्रवाळही नीट धरलेले, त्यामुळे दगड पाण्याबाहेर ठेवायची सोय नव्हती. मी पातेल्यात टाकीतलं पाणी काढलं. काका खुर्चीत बसले, मांडीवर पातेलं, पातेल्यात हात.

तेवढ्यात दार वाजलं. कीर्तनकारबुवांचा घसा बसला होता आणि काकू लवकर परतल्या होत्या. खाली काका नाहीत म्हणून वर आल्या.

दारातूनच त्यांनी विचारलं, "काय करताय?"

"नळ बघायला आलो होतो."

"नळ त्या पातेल्यात आहे का?"

काकू आत आल्या, टाकीसमोर थांबल्या. पंपाच्या प्रवाहात सगळी बटणं उघडून डुलत होती.

"ही झाडं आहेत की प्राणी?"

"झाडं," मी म्हणाले.

"प्राणी," काका म्हणाले. पस्तीस वर्षांची सवय, त्यांना आवरलंच नाही.

"तुम्ही आधी एकमत करा, मग सांगा," काकू म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

मला वाटलं, करार आणायला गेल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. ही टाकी, एवढं पाणी, कुठे घेऊन जाणार होते मी? काका पातेल्यात बघत पुटपुटले, "चूक माझीच. प्रश्न विषयातला होता."

काकू शिवणाचा डबा घेऊन वर आल्या. त्यांनी जाड दोरा ओढून काढला, काकांच्या बोटात आणि दगडात तो सरकवला आणि करवतीसारखा इकडून तिकडे ओढायला लागल्या. काका कळवळले. "गप्प बसा, तो दगड बघा कसा शांत आहे," काकू म्हणाल्या. दहा मिनिटांत बोट सुटलं, थोडी साल दगडावर ठेवून. काकूंनी ते साबणाने धुतलं, हळद लावली, फडकं बांधलं.

मग त्यांचं लक्ष टाकीच्या कोपऱ्यात निपचित पडलेल्या तीन मश्रूमांकडे गेलं.

"ही अशी का लोळतायत?"

मी खरं काय ते सांगितलं. चिकटतच नाहीत, दोन महिने झाले.

"बुळबुळीत गोष्ट कधी चिकटते का? ती बांधायची असते."

नातीच्या शाळेतल्या गॅदरिंगचे परीचे पंख त्यांच्या डब्यात होते, पांढऱ्या जाळीचे. त्यांनी त्या जाळीचे तीन चौकोन कापले. मी ते गोड्या पाण्यात धुवून दिले. प्रत्येकात एक चपटा दगड, त्यावर एक मश्रूम, आणि वर दोऱ्याची सैल गाठ. पुरचुंड्या तयार झाल्या. त्या आम्ही प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात ठेवल्या.

मी घाबरत विचारलं, "काकू, ती अट..."

"कुत्री-मांजरं जिन्यात घाण करतात म्हणून घातली होती. हे जिन्यात येतात का?"

"नाही."

"मग झालं. पण झाडं म्हणालीस ना, ते लक्षात राहील माझ्या." तोपर्यंत त्या मला 'तुम्ही' म्हणत. त्या दिवसापासून 'तू' झालं.

बाराव्या दिवशी काकूंनी स्वतः कात्रीने जाळ्या कापल्या. तिन्ही मश्रूम बूड पसरून दगडाला घट्ट धरून बसले होते. काकांनी चष्मा काचेला टेकवून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मी ग्लू जास्त लावत होतो बहुतेक."

"तुम्ही बोलत जास्त होतात," काकू म्हणाल्या.

पुढे वर्षभर रविवारी दुपारी आम्ही तिघंही टाकीसमोर असायचो. कात्री काकूंकडे, चिमटा माझ्याकडे. काकांकडे फक्त टिपायचा कागद दिला होता, आणि तोही ते वेळेवर पुढे करायचे नाहीत. मश्रूम वाढून एकाचे दोन, दोनाचे पाच झाले. माझ्या आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पुण्यात तुला कोणीतरी आहे." मी म्हटलं, हो, आहेत, आणि आत्ता कोणता दगड वर ठेवायचा यावरून भांडून राहिले.